नाव काय ठेवतस मंग?

मिरच्या वाळत घातल्या की आमच्या कॉलनीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात: खोकला आणि कुंपणावरच्या गप्पा. नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या गावाबाहेर, एकरांनी पसरलेल्या. लांबून बघावं तर जमीन पेटल्यासारखी दिसते. माझी पथारी म्हणजे एक जुनी सतरंजी आणि तिच्यावर पाच किलो मिरची. तरी राखण करावीच लागते, कारण कोंबड्यांना तिखट लागत नाही. खोटं वाटत असेल तर वळवीभाऊंच्या कोंबड्या बघा. गेल्या साली माझी निम्मी मिरची त्यांनी खाल्ली आणि हूं की चूं केलं नाही.

तर मी काठी घेऊन बसले होते आणि कुंपणापलीकडून शेजारच्या जिजींचं डोकं वर आलं.

"आयकं का बाई? वळवीसना घर नात उनी."

ऐकलं होतं. सोमवारी पहाटे सून बाळंत झाली, मुलगी, पावणेतीन किलो, इथपर्यंत मला सगळं ठाऊक होतं. पण जिजींकडे कायम एक बातमी जास्तीची असते आणि ती त्या लगेच देत नाहीत. आधी माझी मिरची निरखली, देठं नीट खुडली नाहीत म्हणून नाक मुरडलं, पदर खोचला, मग म्हणाल्या, "नावकरता भांडन चालू शे."

वळवीभाऊंची आई म्हणते होमी. सून म्हणते कियारा. वळवीभाऊंचा मुलगा आजीचं ऐकावं की बायकोचं ऐकावं या पेचात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. वळवीभाऊ स्वतः शेतात जाऊन बसलेत. पाण्याची पाळी नसताना.

"कियारा म्हंजे काय व?" जिजींनी विचारलं.

मी सांगितलं, सिनेमातली नटी आहे. आणि गंमत अशी की त्या नटीचंही ते पाळण्यातलं नाव नाही. ती मूळची आलिया अडवाणी. आलिया नावाची एक नटी आधीच गाजत होती म्हणून हिने कियारा घेतलं, तेसुद्धा २०१०च्या 'अंजाना अंजानी' सिनेमात प्रियांका चोप्राने केलेल्या पात्राचं. म्हणजे सिनेमातल्या बाईचं नाव नटीने घेतलं आणि नटीचं आता अक्कलकुव्याच्या वळवींच्या नातीला.

"मंग होमी काय वाईट शे?" जिजी म्हणाल्या.

वाईट काहीच नाही. सोमवारी जन्मली म्हणून होमी. सातपुड्यातल्या भिली बोलीत आपला 'स' जाऊन 'ह' येतो. सातपुड्यालाच तिकडे हातपुडा म्हणतात. सोमवारचा मुलगा होम्या, मुलगी होमी. मंगळवारची मंगली, बुधवारचा बुध्या, शुक्रवारची शुक्री. रविवारचा दित्या, कारण रविवार म्हणजे दितवार, म्हणजे आदित्यवार. पुण्यात कोणी मुलाचं नाव आदित्य ठेवलं तर केवढं तेजस्वी वाटतं, आणि आमचा दित्या तेवढा अडाणी! सूर्य तोच. अमावास्येचा आमश्या, पुनवेचा पुन्या, होळीला झाला तर होळ्या, दिवाळीला झाला तर दिवाल्या. कॅलेंडर घरात नव्हतं तेव्हा माणसंच कॅलेंडर होती. अमुक भांडण कधी झालं? पावश्या पोटात होता तेव्हा. झाला हिशोब.

वळवीभाऊंचंच घ्या. सातबाऱ्यावर, नोकरीच्या कागदावर, दारावरच्या पाटीवर ते सोमनाथ. त्यांची म्हातारी आई, जिला ते याहा म्हणतात, ती हाक मारते होम्या. आणि आमचा किराणावाला गुजराती आहे, तो म्हणतो सोमाभाई. तिन्ही हाकांना ते तेवढ्याच तत्परतेने वळतात. माझी खात्री आहे, चौथ्या भाषेत कोणी हाक मारली तरी वळतील. फक्त बायकोच्या हाकेला ऐकू येत नाही. (हे माझं नाही, वळवीताईंचं मत.)

"म्हंजे म्हातारीले आपला पोऱ्यानं नाव त्यानी नातले द्यायनं शे," जिजींनी निकाल दिला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. होम्याची नात होमी, दोघंही सोमवारचे. म्हातारी नावाची निवड करतच नव्हती. तिच्या दृष्टीने नाव पोरीबरोबरच आलेलं होतं, आपण फक्त हाक मारायची.

आता जिजींच्या स्वतःच्या नावाकडे येते. त्यांना चालतं, त्या हे कुणालाही सांगतात. त्यांचं नाव सुपडाबाई.

"मना पहिले तीन गयात," त्या सांगतात. तीन भावंडं गेली. चौथी या जन्मल्या तेव्हा सुइणीने त्यांना धुऊनपुसून आईजवळ दिलंच नाही. धान्य पाखडायच्या सुपड्यात घातलं, दाराबाहेर नेलं, आणि शेजारणीने आत येऊन "ही घ्या, तुम्हाला एक मुलगी आणलीय" म्हणून सुपडं आईपुढे सरकवलं. यमाने विचारलं तर ही या घरची नाहीच, पाखडून उरलेली कुठली तरी. सुपड्यातला मुलगा सुपडू, मुलगी सुपडाबाई. उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणलेला उखर्डू. दगडाच्या मोलाचा तो दगा नाहीतर दगडू. भीक मागून मिळवला तो भिका, फकिराच्या झोळीत घालून परत घेतला तो फकिरा. आमच्या खानदेशात मतदारयादी उघडून बसा, प्रत्येक गावात दोन उखर्डू, एक सुपडू आणि एक तरी फकिरा निघेल. आणि तो फकिरा हिंदूच असेल. दर्ग्याला नवस बोलून झालेला मुलगा, त्याला काय जात!

ही नावं ऐकून शहरातली माणसं हसतात. मला हसू येत नाही. मूल जगावं म्हणून आई त्याच्यासाठी नावातलं सगळं देखणेपण सोडून देते, याच्याइतका लाड दुसरा कोणता? पण यातच एक काळी बाजू आहे. मुलगी झाली म्हणून चिडून ठेवलेली नावं. सातारा जिल्ह्यात २०११च्या ऑक्टोबरात नकोशी, नकुशा अशी नावं असलेल्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली होती, पेपरात मोठे फोटो आले होते. पोरींनी आपापली नावं निवडली, ऐश्वर्या काय, वैशाली काय. सुपडाबाई आणि नकोशी ही दोन्ही नावं कानाला सारखीच ओबडधोबड लागतात. पण एका आईने यमाला फसवलं होतं, दुसरीने पोरीला.

"मना बापनी माले आयुष्य दिनं, नाव नही दिनं," जिजी म्हणतात. वय पंच्याहत्तर, अजून दोन दळणं एका खेपेत डोक्यावर आणतात. यमाला अजून पत्ता लागलेला दिसत नाही.

जिजींच्या भाच्याचा मुलगा झुरिकला असतो, कॉम्प्युटरमध्ये. त्याला मागच्या वर्षी मुलगी झाली तेव्हा आमच्या कुंपणावर महिनाभर स्वित्झर्लंडच होतं. त्याने सांगितलं, तिथे चार भाषा: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. ही चौथी डोंगरातली, ती बोलणारे जेमतेम चाळीस हजार. आपल्या एका चांगल्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढे. तरीही तिथलं सांख्यिकी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं आणि भाषेच्या मुलखाप्रमाणे वेगवेगळी काढतं. त्या चाळीस हजारांचीसुद्धा. देशभराच्या यादीत मुलांत नोआ आणि मुलींत मिया, एमा ही नावं बरीच वर्षं वरच्या पायरीवर. मला त्या यादीचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे नंदुरबारात भिली आहे, पावरी आहे, मावची आहे, अहिराणी, गुजरी, गुजराती, उर्दू, शाळेची मराठी, टीव्हीची हिंदी. काढा म्हणावं यादी बोलीप्रमाणे! काढणाऱ्याचा पहिला प्रश्न असेल, कोणतं नाव धरू, कागदावरचं की ओट्यावरचं?

"नोआ म्हंजे?" जिजींनी तेव्हा विचारलं होतं.

म्हटलं, प्रलयात तारू बांधून सगळ्या जनावरांच्या जोड्या वाचवणारा तो. आपल्या मराठी बायबलात नोहा. आणि त्यासाठी झुरिकला जायला नको, नवापूरला जा. तिकडच्या मावची ख्रिस्ती घरांत याकोब, शिमोन, रूथ, एस्तेर ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिशनऱ्यांनी आणली, पण आता ती इतकी तिथली झालीत की शिमोन गावित म्हटलं तर कुणाला काही वेगळं वाटत नाही. युरोपात आज फॅशनमध्ये असलेलं नाव नवापूरच्या एखाद्या पाड्यावर बैल हाकत असेल.

त्या झुरिकच्या पोराची अट अशी होती की नाव त्याच्या शेजारच्या जर्मन आजीबाईला म्हणता आलं पाहिजे आणि जिजींनाही. ध नको, भ नको, ळ तर नकोच. त्यात तिथे जन्माची नोंद तीन दिवसांत. शिवाय मुलाला उघडच त्रास होईल असं नाव असलं तर तिथला निबंधक नोंदवायला चक्क नकार देऊ शकतो. हे ऐकून जिजी पोट धरून हसल्या.

"मंग मना बापले तं जेलमाच टाकतस तठे!"

शेवटी मीरा ठेवलं. जिजींना वाटतं ती आपली मीराबाई. तिथल्या आजीबाईला वाटतं नाव तिच्याकडचंच आहे. दोघी खूश.

नवापूरवरून आठवलं. ते स्टेशन तुम्ही पाहिलंय का? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट काढायचं महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. एका बाकड्याच्या मधोमध रेघ आहे, नवरा-बायको बसले तर एक या राज्यात, एक त्या राज्यात. पण माणसांच्या आडनावांवरून गेलेली रेघ त्याहून मजेशीर आहे. इकडचे गावित, पलीकडे गेले की गामीत. इकडचे वसावे, पलीकडे वसावा. एकाच आजोबांची नातवंडं, एकाच देवमोगरा मातेला नवस बोलणारी, पण एकाचा दाखला मराठीतून निघाला आणि दुसऱ्याचा गुजरातीतून. लग्नपत्रिका छापायची वेळ आली की छापखानावाला विचारतो, वे करू की वा?

जिजींचा राजकारणाचा अभ्यास दांडगा. कोण कुणाचा मेहुणा आणि कोण कुणावर रुसलाय हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना म्हटलं, नुसती नावं बघा, पक्ष सोडा. सुरूपसिंग नाईक, नवापूरचे, किती वेळा आमदार झाले, मंत्री झाले. त्यांचं पूर्ण नाव सुरूपसिंग हिऱ्या नाईक. आणि त्यांचे चिरंजीव, आताचे आमदार, शिरीषकुमार. हिऱ्या, सुरूपसिंग, शिरीषकुमार. आजोबा डोंगरातल्या बोलीचे, वडील राजपुती थाटाचे 'सिंग', आणि नातू शुद्ध मराठी पुस्तकातला. एका घरात तीन पिढ्यांत तीन मुलूख. माणिकराव गावित, १९८१ पासून लागोपाठ नऊ वेळा लोकसभेत गेले, ते माणिकराव होडल्या गावित. होडल्याचा मुलगा माणिकराव, माणिकरावांची मुलं भरत आणि निर्मला.

"आनि के. सी.?"

तीच तर गंमत. के. सी. पाडवी म्हणजे कागडा चांद्या पाडवी. इंग्रजी आद्याक्षरांचा हा मोठाच उपयोग. नाव बदललंही नाही आणि दाखवलंही नाही. पण २०२४ला त्यांचे चिरंजीव खासदार झाले तेव्हा लोकसभेच्या यादीत नाव आलं गोवाल कागडा पाडवी. पुरं, ठळक. त्याच साली अक्कलकुव्यातून विधानसभेवर गेले ते आमश्या पाडवी. मी शाळेत शिकवत असताना आमश्या नावाच्या मुलाला 'अमित' करून टाकत होते, आणि आता आमश्या आमदार!

शिरीषकुमार हे नाव मात्र आमच्या गावात नुसतं नाव नाही. ९ सप्टेंबर १९४२ला झेंडा घेऊन गोळीला छाती दिलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता. घरची भाषा गुजराती. त्याच्याबरोबर पडलेल्या मुलांची नावं स्मारकाजवळ कधी तरी सावकाश वाचा: लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास. एका गावातली मुलं. कुणाच्या घरी 'बा' म्हणत असतील, कुणाच्या घरी 'आई'. त्यानंतर या भागात शिरीष आणि शिरीषकुमारांचं पीक आलं, ते माझ्या हजेरीपटावरही आलं.

हजेरीपटाचा विषय निघालाच आहे तर माझी कबुली देऊन टाकते. जिजींना ती माहीत आहे.

१९८९ साली मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका म्हणून रुजू झाले. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता; तो झाला १ जुलै १९९८ला, तोवर आम्ही धुळ्याचे. एका खोलीची शाळा, शेणाने सारवलेली. मी नाशिककडची, शुद्ध मराठीचा भारी अभिमान. पहिल्याच दिवशी मुलांची नावं विचारली आणि मला ती नावंच वाटेनात. पावश्या, आमश्या, होमी, बुध्या. मला वाटलं, यांच्या आईबापांना सुचलं नाही, आपण देऊ. शुद्धलेखनाची चूक सुधारावी तशी मी मुलं सुधारली. होमीची झाली सुनीता. आमश्याचा अमित. पावश्याचा प्रकाश. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, ती सगळ्यांना दिली १ जून. हे काही माझं एकटीचं पाप नाही. महाराष्ट्रभर तेच चालत होतं, म्हणून तर ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते.

दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी घ्यायला लागले. "प्रकाश?" कुणी बोलेना. मी गैरहजेरी मांडली. तिसऱ्या दिवशीही प्रकाश नाही. चौथ्याही. दोन आठवडे मी त्या मुलाची गैरहजेरी मांडत होते आणि मनात म्हणत होते, यांना शिक्षणाची किंमत नाही. तो रोज येत होता. पहिल्या ओळीत, दाराशी, गुडघ्यांवर पाटी ठेवून बसत होता, माझ्याकडेच टक लावून. आपल्याला हाक मारली जाते आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. एक दिवस त्याच्या बहिणीने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कळलं. मी त्या दोन आठवड्यांच्या रकान्यांवर गिरवून दुरुस्ती केली. अजून डोळ्यांसमोर आहे, शाईचा डाग पडला होता.

ही गोष्ट तिथे संपली असती तर हसण्यावारी नेता आली असती. सात-आठ वर्षांपूर्वी एक माणूस याच कुंपणाशी येऊन उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली, पायात माती. "बाई, मी प्रकाश." मी ओळखलं नाही. मग तो म्हणाला, "पावश्या." लगेच ओळखलं!

त्याच्या मुलीचं जात पडताळणीचं प्रकरण अडलं होतं. आपल्याकडे पडताळणीला जुना पुरावा लागतो, शक्यतो १९५०च्या आधीचा, कारण अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा. त्याच्याकडे होता. आजोबांचा कोतवाल बुकातला उतारा होता, बापाच्या जमिनीचा कागद होता. त्या कागदावर वारस म्हणून नाव होतं पावश्या. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, माझ्या अक्षरात, प्रकाश. आता या पावश्याचा आणि त्या प्रकाशचा संबंध काय, हा प्रश्न टेबलापलीकडून विचारला गेला होता आणि तो प्रश्न बरोबरच होता. माझ्या हातून एक शब्द सुधारला गेला आणि त्याच्या वंशावळीत एक माणूस जास्तीचा झाला. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, 'पावश्या ऊर्फ प्रकाश', तीन हेलपाटे, तीन दिवसांची मजुरी.

तो रागावला नव्हता. चहा घेतला, माझी सही घेतली. कुंपणाचं फाटक लावताना मी विचारलं, मुलीचं नाव काय? तर म्हणाला, "वर्षा."

जिजी तेव्हा इथेच होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि जिजी गप्प बसणं ही आमच्या कॉलनीत नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

आता वारं फिरलंय, हे मात्र खरं. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे, 'गोधड'वाले, त्यांनी आपलं वाहरू हे नाव झाकलं नाही की सजवलं नाही. पुस्तकावर तसंच छापलं. शिकलेली आदिवासी पोरं आता मुलांची नावं बिरसा ठेवतात, तंट्या ठेवतात, एकलव्य ठेवतात. १८५७च्या धामधुमीतला भिल्ल नायक खाज्या, त्याच्या नावाचंही कौतुक सुरू झालंय. मुलींत याहा, मोगी. याहा मोगी म्हणजे देवमोगरा माता. शिवरात्रीला गुजरातेतल्या देवमोगऱ्याला आमच्याकडून गाड्या भरभरून जातात. आणि नावाचा विषय आहे तर तळोद्याकडचे गुलाम महाराज विसरून कसं चालेल? भिल्ल समाजातला माणूस, नाव गुलाम, आणि १९३०च्या दशकात दारू सोडा म्हणत त्याने हजारो लोक गोळा केले आणि शिकवलं काय, तर एकमेकांना 'आप' म्हणा. ज्यांना सगळा मुलूख 'अरे'ने हाक मारायचा, त्यांना 'आप'. नाव कोणतंही असो, हाक कशी मारायची ते त्या माणसाने पाहिलं.

कागदांचंही बदललंय. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव. जिजींना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी ताबडतोब स्वतःला लावून पाहिलं, सुपडाबाई, मग आईचं नाव झिपाबाई, मग बाप दगा. "येक बी धड नही," म्हणाल्या. देशातलं पहिलं आधार कार्डही आमच्याच जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीचं. २९ सप्टेंबर २०१०ला रंजना सोनवणे यांना दिलं, पंतप्रधान आले होते. तेव्हापासून नाव मराठीत एक आणि इंग्रजीत एक, असं जुळं झालंय. आमच्या वळवींच्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं एका घरात तीन निघाली.

असो. बारसं झालं. मी घुगऱ्या घेऊन गेले, जिजी पाळण्याला दोरी धरायला. झुरिकमधल्यासारखी इथे घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव टाकलं तर पैसे नाहीत, नंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. हे मी सगळ्यांना सांगितलं आणि तीच माझी चूक झाली. मुदत आहे म्हटल्यावर कोण माघार घेतो? आत्याने म्हणजे वळवीभाऊंच्या मुलीने मधला मार्ग काढला. सुरतेला असते ती, तिकडे फोई नाव ठेवते, इकडे आत्या, अहिराणीत फुई, म्हणजे मान कुठेही तिचाच. तिने मोबाइलवर शोधून जाहीर केलं, "होमांशी!" आजीचं होमी राहिलं आणि वहिनीचं मॉडर्नही झालं.

"ते अंशी काय शे व?" जिजींनी माझ्या कानात विचारलं. आजकाल आयांशी, वेदांशी, शिवांशी, ज्याला त्याला अंशी लावतात, म्हटलं. म्हातारीने मात्र काहीच ऐकलं नाही. तिने पाळण्यात वाकून कुर्र केलं आणि हळूच म्हणाली ते मला ऐकू आलं. दोनच अक्षरं होती. बाळीने जांभई दिली.

काल दीड महिन्याचा डोस होता. आशाताई आणि सिस्टर घरीच आल्या, ओट्यावर बसल्या, लसीचा डबा उघडला. कार्डावर अजून आईचं नाव लिहून पुढे 'बेबी' एवढंच होतं. सिस्टरने पेन उघडलं आणि विचारलं, बाळाचं नाव काय? पणजी, आई आणि व्हिडिओ कॉलवरून आत्या, तिघी एकाच क्षणी बोलल्या. सिस्टर नवीन होती पण मुलूख तिला कळलेला दिसला. तिने शांतपणे पेनला टोपण लावलं, पर्समधून पेन्सिल काढली.

कुंपणावरून जिजी वाकल्या. "खोडरबर बी शे का व माय तुनाजोडे?"